बोलता न येणाऱ्या मुलाचं म्हणणं: संवादाची साधनं चालतात कशी, अडतात कुठे

मोबाइलवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत येतो. व्हीलचेअरवर बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी समोरच्या पडद्याकडे टक लावून बघते. हात जागचा हलत नाही, ओठ हलत नाहीत, आणि यंत्रातून आवाज येतो, "आई, बाहेर जाऊया." खाली प्रतिक्रियांचा पाऊस. बरेच जण हात जोडतात, चमत्कार म्हणतात. थोडे जण शंका काढतात: हे ती खरंच बोलली, की कुणीतरी आधीच भरून ठेवलं होतं?

मला शंका काढणारे जास्त बरोबर वाटतात. चमत्कार म्हटलं की विषय तिथेच संपतो. विचारत गेलं तर कळतं, की यात कॅमेरा आहे, भूमिती आहे आणि घरातल्यांनी बराच काळ रोज घेतलेली मेहनत आहे. त्या मुलीला यातून आवाज मिळाला हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या मनात काय आहे ते आता दुसऱ्याला अंदाजाने ठरवावं लागत नाही. अपंगत्व असलेल्या मुलांच्या स्वावलंबनाबद्दल बोलताना मी हेच मोजमाप धरते: साधन हाती आल्यावर त्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे किती गोष्टी व्हायला लागल्या?

सहायक तंत्रज्ञान म्हणजे काय?

शरीराला किंवा मेंदूला जे काम जड जातं ते सोपं करणारी कुठलीही वस्तू, आणि ती वस्तू मिळवून देणारी, शिकवणारी, दुरुस्त करणारी व्यवस्था, या दोन्हींना मिळून सहायक तंत्रज्ञान म्हणतात. नाकावरचा चष्मा हे त्याचं जगातलं सगळ्यात रुळलेलं उदाहरण. पांढरी काठी, कानातलं श्रवणयंत्र, पकडायला सोपी जावी म्हणून जाड केलेली पेन्सिल, व्हीलचेअर, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, चित्रांचा पुठ्ठा, हे सगळं त्यातच येतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली काढलेल्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना असं किमान एक साधन लागतं, आणि त्यातल्या जवळपास १०० कोटी लोकांना ते मिळत नाही. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार अपंगत्व असलेल्या मुलांची संख्या सुमारे २४ कोटी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात अशी साधनं उपलब्ध करून देणं ही सरकारांची जबाबदारी मानली आहे. कागदावर ही दया नाही, हक्क आहे.

साधनांचे प्रकार खूप आहेत. मी इथे मुख्यतः एकाच प्रकाराबद्दल लिहिणार आहे: ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही किंवा फार थोडं येतं, त्यांच्यासाठीची संवादसाधनं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), ऑटिझम, रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीचा एक दुर्मीळ विकार) अशी कारणं वेगवेगळी असतात, पण अडचण तीच. सांगायचं असतं, सांगता येत नाही.

नुसत्या नजरेवर यंत्र चालतं कसं?

पडद्याखाली एक पट्टी असते. त्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश मुलाच्या चेहऱ्यावर पडतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर त्याची चमक उमटते. कॅमेरा दोन गोष्टी टिपत राहतो: बाहुलीचा मध्य आणि ती चमक. मुलाने नजर फिरवली की या दोहोंमधलं अंतर आणि दिशा बदलते, आणि त्यावरून संगणक ठरवतो की मूल पडद्यावर नेमकं कुठे बघतंय. प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून सुरुवातीला पडद्यावर ठिकठिकाणी ठिपके दाखवून यंत्राला त्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते.

आता अडचण अशी, की डोळे बघण्यासाठी असतात. जिथे नजर पडेल तो प्रत्येक शब्द यंत्र बोलायला लागलं तर नुसता गोंधळ होईल. म्हणून पडद्यावर शब्दांचे किंवा चित्रांचे चौकोन असतात, आणि एका चौकोनावर नजर ठरावीक वेळ, समजा एक सेकंद, टिकली तरच ती निवड धरतात. हा वेळ मुलागणिक कमी-जास्त करता येतो. ज्याची मान डुगडुगते त्याला थोडा जास्त, सरावलेल्याला कमी. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे भर उन्हात ही यंत्रं गडबडतात. व्हिडिओतलं "बाहेर जाऊया" घरात बोलता येतं आणि बाहेर गेल्यावर तेच यंत्र गप्प होतं, असं घडू शकतं. म्हणूनच जाणकार थेरपिस्ट यंत्राच्या जोडीला तसेच शब्द-चित्रांचे चौकोन असलेली साध्या कागदाची पाटी ठेवायला सांगतात. तिची बॅटरी संपत नाही.

नजर स्थिर राहत नसेल तर स्विच असतो. मुलाच्या ताब्यात शरीराची एखादीच हालचाल असते: डोकं डावीकडे टेकवणं, गुडघा दाबणं, गाल हलवणं. तिथे एक मोठं बटण बसवतात. पडद्यावर चौकोन आपोआप एकामागून एक उजळत जातात, हवा तो उजळला की मुलाने बटण दाबायचं. समजा ३६ चौकोन आहेत आणि प्रत्येक दोन सेकंद उजळतो. शेवटचा चौकोन हवा असेल तर ७२ सेकंद लागतील, म्हणजे एका शब्दाला सव्वा मिनिट. तेच सहा ओळींत मांडून आधी ओळ आणि मग त्या ओळीतला चौकोन असं निवडलं, तर जास्तीत जास्त १२ पायऱ्या, म्हणजे २४ सेकंद. मांडणी बदलल्याने वेळ एक तृतीयांश झाला.

तरीही वेग बेताचाच. आपण बोलताना मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज वापरतो. अशा साधनांवर तोच वेग बहुधा १५ शब्दांच्याही खाली असतो. ही तफावत लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळे बरंच काही अडतं.

पाटीवर शब्द कोणते ठेवायचे?

हा मला या सगळ्यातला कळीचा प्रश्न वाटतो, आणि यंत्राच्या कौतुकात तोच मागे पडतो.

मोठी माणसं पाटी बनवायला बसली की आधी वस्तूंची नावं लिहितात. पाणी, जेवण, शू, टीव्ही, चेंडू. म्हणजे मुलाच्या गरजा आपण ठरवल्या, आणि त्यातलं काय हवं ते त्याने सांगायचं. पण बोलणाऱ्या मुलांची भाषा नीट ऐकली तर वेगळंच दिसतं. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग काही शे शब्दांतच उरकतो, आणि ते बहुतेक वस्तूंचे शब्द नसतात. मी, तू, हे, नको, अजून, थांब, दे, का, कुठे, माझं, चल, वेगळं, संपलं. या नेहमीच्या शब्दांना गाभ्याचे शब्द म्हणतात. 'चेंडू' फक्त चेंडूच्या वेळी कामाला येतो. 'अजून' गाणं, झोका, गोष्ट, गुदगुल्या सगळ्याला चालतो. 'अजून' आणि 'नको' जोडले की विनवणी तयार होते. 'का' मिळाला की मूल मोठ्यांना अडचणीत टाकू शकतं, आणि ते त्याने टाकावंच.

नकार देता येणं ही चैन नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट आढळली होती. जे मूल सांगू शकत नाही ते त्रास देणाऱ्याला सोयीचं असतं. म्हणून पाटीवर शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं हवीत, 'दुखतंय', 'मला आवडलं नाही', 'त्याने केलं', 'कुणाला तरी सांगायचंय' हेही हवं. पालकांना हे शब्द घालताना अवघड वाटतं. पण वेळ येईल तेव्हा ते आयत्या वेळी घालता येत नाहीत.

चिडवायचे शब्दही हवेत. "ए वेडोबा" म्हणता आलं नाही तर भावंडांशी भांडायचं कसं?

शब्द वाढवताना एक पथ्य पाळावं: जुन्या शब्दांची जागा हलवू नये. टाइप करणाऱ्याची बोटं जशी अक्षर न शोधता जातात, तशी मुलाची नजर किंवा बोट 'नको'कडे सवयीने जायला लागतं. कुणीतरी पाटी नीटनेटकी करायला म्हणून ते चौकोन इकडचे तिकडे केले, की ते मूल पुन्हा चाचपडायला लागतं.

साधन आणलं, मूल अजून बोलत का नाही?

बोलणाऱ्या मुलाचा पहिला शब्द साधारण वर्षाने येतो. ते वर्षभर घरातले सगळे त्याच्याशी त्याच भाषेत बोलत असतात. चित्रांच्या पाटीवर मात्र त्याच्या आजूबाजूला कुणीच बोलत नाही. आपण तोंडाने बोलतो आणि त्याने बोटाने किंवा नजरेने उत्तर द्यावं अशी अपेक्षा करतो. कधीही न ऐकलेल्या भाषेचा शब्दकोश हातात द्यावा आणि आठवड्याने विचारावं, अजून बोलत का नाहीस, तसं हे झालं.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा मात्र आहे. मोठ्यांनी बोलता बोलता त्याच पाटीवर बोट ठेवायचं. "चल, आता बाहेर जाऊ" म्हणताना 'चल' आणि 'बाहेर' दाबायचं. मुलाने तसंच करावं असा आग्रह धरायचा नाही. "सांग बघू पाणी, मगच देईन" असं तर मुळीच नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, कपडे घालताना, गोष्ट वाचताना, खेळताना. महिनोन् महिने. काही मुलं आठवड्यांत उचलतात, काहींना वर्ष जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारून आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. वर हिशेब केला तो आठवा: मूल तोवर दुसऱ्या ओळीपर्यंतही पोहोचलेलं नसतं.

यंत्राची सवय लागून तोंडाने बोलणं राहून जाईल का?

जवळजवळ प्रत्येक आई-वडील हा प्रश्न विचारतात, आणि त्यात काही चूक नाही. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी तोवरचे अभ्यास चाळून त्यातली काटेकोर नोंद असलेली २७ उदाहरणं वेगळी काढली. त्यातल्या ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, त्यामुळे यंत्राने मूल बोलायला लागेल असं आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. पण सवय लागून नुकसान होईल या भीतीपायी थांबण्याचं कारण नाही. तोंडाने बोलणं सगळ्यात जलद असतं. ते जमलं की मूल आपणहून तेच वापरतं.

याच्याच बरोबरीने, "आधी त्याला समजायला लागू दे, मग देऊ" हा सल्लाही अजून ऐकू येतो. समज आहे की नाही हे दाखवायला मुलाकडे मार्गच नसेल, तर ती आहे हे कळणार कसं? १९७१ साली टोरांटोत शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना चार्ल्स ब्लिस यांची चिन्हं शिकवायला घेतली. जगातल्या सगळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ब्लिस यांनी ती तयार केली होती. अक्षरं न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या मुलांनी ती चिन्हं जोडून आपली वाक्यं बनवली. आधी चाचणी आणि मग साधन असा क्रम ठेवला असता तर हे कुणाला दिसलं नसतं.

पण खरंच तेच मूल बोलतंय ना?

इथे ताठ उभं राहून तपासायला हवं. 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची एक पद्धत १९९० च्या दशकात फार गाजली. मदतनीस मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याला कीबोर्डवर टाइप करायला मदत करायचा, आणि कधीही न बोललेली मुलं लांबलचक वाक्यं लिहायची. पालक हरखून गेले. मग संशोधकांनी साधी चाचणी घेतली: मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनिसाला दुसरं, आणि एकमेकांचं चित्र दोघांना दिसणार नाही अशी सोय केली. टाइप झालेलं उत्तर मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं निघालं. पुन्हा पुन्हा निघालं. मदतनीस फसवत नव्हते. आपणच हात नेतोय हे त्यांना जाणवतही नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने, 'आशा'ने, २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये अशी भूमिका पुन्हा स्पष्टपणे घेतली.

या पद्धतीत मुलाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले जातात, आणि सगळ्यांना वाटतं ते बोललं. यापेक्षा न बोलणं बरं. म्हणून असा कुठलाही व्हिडिओ पाहताना बघा: मुलाचा हात, कोपर, खांदा कुणी धरलाय का? पाटी कुणी हातात धरून हलवतंय का? मदतनीस खोलीबाहेर गेल्यावरही संवाद चालू राहतो का? नजरेवर किंवा स्विचवर चालणाऱ्या यंत्राची निवड मुलाची स्वतःची असते, तिथे मधे हात नसतो. चुकाही मुलाच्याच असतात, आणि सुरुवातीला त्या भरपूर होतात. सगळं पहिल्या दिवसापासून अचूक येत असेल तर मला काळजी वाटेल.

चालता येईल की नाही हे कळण्याआधीच चाकं कशाला?

बोलण्याबद्दलची भीती चालण्याबद्दलही असते: व्हीलचेअर दिली की प्रयत्न सोडेल. इथे १९६३ चा एक प्रयोग आठवतो. रिचर्ड हेल्ड आणि अॅलन हाइन या संशोधकांनी अंधारात वाढवलेली मांजरीची पिल्लं जोडीजोडीने उजेडात आणली. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरायचं. दुसरं त्याच्याच चालीने फिरणाऱ्या पाळण्यात बसलेलं असायचं. डोळ्यांना दोघांच्याही तेच दिसत होतं. पण पाळण्यातल्या पिल्लाला नंतर समोर किती खोल आहे याचा अंदाज येईना, टेबलाजवळ आणलं तरी पंजे पुढे टाकेना. मोकळं सोडल्यावर काही दिवसांत ते सावरलं. पिल्लांवरून मुलांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, पण मानसशास्त्रज्ञ जोसेफ कॅम्पोस यांच्या बाळांवरच्या अभ्यासांतही दिसलं की स्वतः रांगायला लागल्यावर उंचीची भीती, जागेची समज यांत मोठे बदल होतात. कडेवर बसून जग बघणं आणि स्वतः तिथे जाणं यांत मेंदूच्या दृष्टीने फरक आहे.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे या संशोधकाने 'गो बेबी गो' नावाने हेच प्रत्यक्षात आणलं. दुकानात मिळणारी बॅटरीवरची खेळण्यातली गाडी घ्यायची, पायाच्या पॅडलऐवजी हाताने दाबायचा मोठा स्विच बसवायचा, पाठीला आधार द्यायचा. काही गाड्यांत तर मूल उभं राहिलं तरच गाडी चालते अशी जोडणी असते. प्रयत्न सोडेल म्हणणाऱ्यांनी ती गाडी जरूर पाहावी.

साधनं कपाटात का जातात?

अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांनी घेतलेल्या सहायक साधनांपैकी जवळपास ३० टक्के वापरातून गेलेली आढळली. कारणांत ठळक होतं ते हे, की साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारलंच नव्हतं. मुलांच्या बाबतीत मत विचारायचा धोका आपण त्याहून कमी पत्करतो. त्यात मूल वाढतं. कृत्रिम हात तोकडा होतो, व्हीलचेअर अरुंद होते, स्विच बसवलेली जागा बदलते. यंत्र देणारे अनेक असतात, सहा महिन्यांनी येऊन स्विच चार बोटं वर सरकवून देणारं कुणी नसतं. माझ्या मते पैसा थोडा असेल तर साधं साधन घ्यावं आणि उरलेला खर्च ते शिकवणाऱ्या माणसावर करावा.

आवाजाचंही तसंच. फार वर्षं यंत्रांत मोजकेच आवाज होते, त्यामुळे लहान मुलगी मोठ्या माणसाच्या आवाजात बोलायची. रूपल पटेल या वाचासंशोधिकेने दात्यांचे आवाज आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे थोडेफार ध्वनी एकत्र करून प्रत्येकासाठी वेगळा आवाज तयार करण्याचं काम केलं. मुलं साधन वापरतील की नाही हे अशा गोष्टींवरही ठरतं.

असं मूल भेटलं तर

मुलाशी बोला, शेजारच्या मोठ्या माणसाशी नको. प्रश्न विचारल्यावर थांबा, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. पडद्यावर काय तयार होतंय ते वाकून वाचू नका आणि वाक्य त्याच्या आधी पूर्ण करू नका, अर्थात त्याला तसं चालत असेल तर गोष्ट वेगळी. यंत्राला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि वर्गात किंवा घरात मूल एकच बटण वीसदा दाबून सगळ्यांना भंडावतंय, म्हणून यंत्र काढून कपाटावर ठेवू नका. बोलणारं मूल बडबड करतं तेव्हा आपण त्याला गप्प बस म्हणतो, त्याचं तोंड काढून घेत नाही. आवाज कमी करा, "आता मी बोलतेय" म्हणा, रागवा हवं तर. यंत्र त्याच्या हाताशीच राहू द्या, म्हणजे त्यालाही उलट उत्तर देता येईल.